जुन्या लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज: आधी कान, मग स्क्रूड्रायव्हर

पान्हापेचकस

जुना लॅपटॉप घरघरायला लागला की दोनच सल्ले मिळतात: ‘दोन थेंब तेल सोड’ नाहीतर ‘आता नवाच घे’. दोन्ही घाईचे. आवाजाची कारणं चार-पाच आहेत, प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे आणि काही कारणं तर पंख्यात नसतातच. चांगली चालणारी यंत्रं केवळ आवाजापायी भंगारात जाऊ नयेत, म्हणून हा धागा काढतोय. माहीतगारांनी नेमकी भर घालावी.

आधी आवाज ओळखू. खोलीतला छताचा पंखा बंद करा, लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि ऐका.

एकसारखा सोसाटा, वाऱ्याचा: पंखा धडधाकट आहे, त्याला जास्त पळावं लागतंय. हवेची वाट तुंबलीय, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय किंवा मागे एखादा प्रोग्रॅम प्रोसेसर खातोय. इथे नवा पंखा घातलात तरी तोही असाच पळणार.

घरघर किंवा खरखर, थंड यंत्र चालू केल्यावर जास्त आणि पाच-दहा मिनिटांत कमी होणारी: बेअरिंग, म्हणजे पंख्याची दांडी ज्या आधारात फिरते तो भाग. वंगण संपत आलंय किंवा घट्ट झालंय. ऊब लागली की ते पातळ होतं, म्हणून आवाज तात्पुरता बसतो. खात्री करायला लॅपटॉप सावकाश एका बाजूला कलता करा. कोनाबरोबर आवाज बदलला तर शाफ्ट (दांडी) बुशात (तिच्याभोवतीच्या नळकांड्यात) हलतोय. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र झटका देऊ नका.

ठराविक लयीतली टकटक, पंख्याच्या वेगाबरोबर वाढणारी: पात्याला काहीतरी लागतंय. केस, दोरा, सुटलेली चिकटपट्टी, जागेवरून सरकलेली वायर, क्वचित तुटलेलं पातं.

बारीक शिट्टी: ही पंख्याची नव्हे, बोर्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची). स्क्रीनवरचं पान सरकवताना किंवा चार्जर काढल्या-लावल्यावर सूर बदलतो. तेल, ब्रश काही लागू पडत नाही.

अनियमित टिक-टिक आणि सोबत यंत्र मध्येच गोठणं: हार्ड डिस्क. बाकी सगळं सोडून आधी डेटाची प्रत काढा.

लिनक्सवारी

चांगला धागा. शंका उरलीच तर पंखा काही सेकंद थांबवून ऐकणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. आवाज राहिला तर तो पंख्याचा नाही, विषय संपला.

लेनोवोच्या थिंकपॅडवर लिनक्स असेल तर थिंकपॅड-एसीपीआय हे मॉड्यूल फॅन-कंट्रोलचा पर्याय १ ठेवून लोड करा. मग ‘प्रॉक’मधल्या ‘एसीपीआय’च्या खाली ‘आयबीएम’, त्यात ‘फॅन’ नावाच्या फाइलीत लिहिता येतं. तिच्यात ‘लेव्हल ०’ लिहिलं की पंखा थांबतो, १ ते ७ अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि ‘लेव्हल ऑटो’ लिहिलं की ताबा परत फर्मवेअरकडे (यंत्रातल्या मूळ प्रोग्रॅमकडे) जातो. यंत्र निवांत असताना शून्यावर पंधरा-वीस सेकंद पुरे, नंतर आठवणीने ऑटो करा. विंडोजवर थिंकपॅडसाठी टीपीफॅनकंट्रोल आहे, इतर कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांसाठी नोटबुक फॅनकंट्रोल. डेलच्या यंत्रात चालू करताना एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स निवडलं की चाचणीत पंखा फिरवून पाहिला जातो, तेव्हा कान लावा.

पायऱ्या एकेक चढवत कुठे काय ऐकू येतं ते लिहून ठेवा. बेअरिंग गेलेला पंखा कमी वेगातही घुरघुरतो आणि सुरू होतानाच्या झटक्याला जास्त. फक्त एकाच पायरीवर गुणगुण येते आणि वरखाली गेलं की नाहीशी होते, तर ती बहुधा कंप पावणाऱ्या एखाद्या सैल भागाची असते.

तापमानही बघा. लिनक्सवर ‘सेन्सर्स’, विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो. काही चालू नसताना ४० ते ५५ अंश ठीक. निवांत असताना ६५-७० आणि पंखा मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर असेल तर वाट तुंबलीय असं समजा. पण आधी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर खरंच निवांत आहे ना ते तपासा. विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असताना घेतलेले आकडे काही कामाचे नाहीत.

नीलगिरी

यंत्र उघडायच्या आधी करता येण्यासारख्या दोन गोष्टी राहिल्या.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ केली की इंटेलच्या बहुतेक जुन्या प्रोसेसरांचं टर्बो (गरजेला आपोआप वेग वाढवणं) बंद पडतं. लेखन, ईमेल, ब्राउझिंगमध्ये फरक फारसा जाणवत नाही, पण पंख्याचं मधूनमधून उसळणं कमी होतं.

एचपीच्या प्रोबुक, एलिटबुक मालिकेतल्या बऱ्याच यंत्रांच्या बायोसमध्ये (यंत्र चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) चार्जर लावलेला असताना पंखा सतत चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू असेल तर लॅपटॉप गार असला तरी पंखा थांबतच नाही. बंद करून पाहा. यात बिघाड काहीच नसतो, तरी लोक पंखा बदलून घेतात.

कोरीपाटी

प्रश्न आहे. आवाज सोसाट्याचा आहे, निवांत असताना ६८ अंश. न उघडता बाहेरूनच ब्लोअरने किंवा हवेच्या डब्याने धूळ उडवली तर चालेल का?

पान्हापेचकस

फारसा उपयोग नाही, आणि धोका आहे.

धूळ कुठे बसते ते आधी समजून घ्या. पंखा खालून हवा ओढतो आणि बाजूच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून बाहेर फेकतो. कपड्यांचे तंतू, केस, धूळ हे सगळं जाळीच्या आतल्या तोंडाशी, म्हणजे पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत अडकतं आणि तिथे नमद्यासारखी घट्ट पट्टी तयार होते. बाहेरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते! बाहेरून हवा मारली की ती पट्टी सुटून पंख्यात पडते, तिथून पुन्हा जाळीवर येऊन बसते किंवा पात्यांत अडकून टकटक सुरू होते.

धोका असा की जोराच्या हवेने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो. बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारी मोटर जनित्राचं काम करते आणि उलटी वीज बोर्डाकडे जाऊ शकते. म्हणून हवा मारायचीच तर उघडून, पंख्याचा कनेक्टर काढून, पातं बोटाने किंवा लाकडी काडीने धरून.

पान्हापेचकस

आता उघडण्याबद्दल. उदाहरणाला २०१३ साली आलेला थिंकपॅड टी४४०पी घेतो, कारण जुन्या बाजारात तो भरपूर मिळतो आणि आत जाणं सोपं आहे. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर कंपनीचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल किंवा सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. लेनोवो, डेल, एचपी तिघांच्याही व्यावसायिक मालिकांची ती मोफत मिळतात आणि त्यात स्क्रूंची लांबीसुद्धा दिलेली असते.

सामान: पीएच० आणि पीएच०० मापाचे, फुलीच्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं गिटार पिक, चिमटा, मऊ ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारं कापड, थर्मल पेस्ट. टोक झिजलेला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. एका स्क्रूचं डोकं गेलं की पाच मिनिटांच्या कामाचा दिवस होतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसता स्लीपवर ठेवू नका. चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. टी४४०पीची बॅटरी बाहेरून निघते. टी४४०सारख्या थिंकपॅडांत आत आणखी एक बॅटरी असते, तिथे आधी बायोसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर आणि तिथे बिल्ट-इन बॅटरी बंद करण्याचा पर्याय वापरा. ज्यांना हा पर्याय नाही त्यांनी झाकण उघडताक्षणी पहिलं काम म्हणून बॅटरीचा कनेक्टर काढायचा.

टी४४०पीचं खालचं मोठं झाकण दोन स्क्रूंवर आहे. ते स्क्रू सैल होतात, पूर्ण बाहेर येत नाहीत. ओढत बसू नका. झाकण सरकवून उचललं की पंखा, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता जाळीपर्यंत नेणारा धातूचा भाग), रॅम सगळं समोर. इतर बऱ्याच मॉडेलांत आठ-दहा स्क्रू असतात आणि त्यांची लांबी वेगवेगळी असते. कागदावर लॅपटॉपचा तळ रेखाटा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवा. ३ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा स्क्रू पिळला तर तो बोर्डाच्या आतल्या वाटा कापतो किंवा वरचा पत्रा फुगवतो. घरी उघडलेली यंत्रं मरतात ती बहुतेक अशीच.

पंख्याचा कनेक्टर वायरीला धरून ओढायचा नाही. कनेक्टरच्या दोन्ही कडांना नख किंवा प्लॅस्टिकची पट्टी लावून थोडं इकडून, थोडं तिकडून. बोर्डावरचा तो चिमुकला सॉकेट उखडला तर पंख्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि सोल्डरिंगचा सुरू होतो.

सुटा पंखा असेल तर हीटसिंकला हात न लावता तो काढता येतो. टी४४०पीसारखा पंखा आणि हीटसिंक एकत्र असेल तर प्रोसेसरवरचे स्क्रू आळीपाळीने, तिरप्या जोड्यांत, अर्धा-अर्धा फेरा सैल करा. अनेक हीटसिंकांवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. घट्ट करताना त्याच क्रमाने, काढताना उलट्या. पेस्ट घट्ट धरून बसली असेल तर हीटसिंक उचकटू नका. जागेवरच किंचित डावी-उजवी हालचाल द्या, सुटतं. उष्णतेची नळी वाकवायची नाही. आत निर्वात पोकळीत थोडंसं पाणी असतं, नळी चेपली किंवा फुटली की ती नुसती तांब्याची कांब उरते.

पंख्यावरचं पत्र्याचं झाकण दोन-तीन बारीक स्क्रूंवर किंवा खाचांवर बसलेलं असतं. ते काढलं की नमद्याची पट्टी चिमट्याने अख्खी निघते. मग जाळी ब्रशने, पत्र्यांच्या दिशेने. आडवा ब्रश मारला तर पत्रे वाकतात.

झाकण आणि जाळी यांच्या सांध्यावर काळी किंवा चंदेरी चिकटपट्टी असते. अनेकजण ती फाडून टाकून देतात. तसं करू नका. ती नसेल तर गरम हवा जाळीतून बाहेर न जाता आतच पसरते आणि पंखा तीच परत ओढतो. खराब झाली असेल तर ॲल्युमिनियम फॉइलची टेप किंवा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी), सांधा पूर्ण बंद होईल अशी लावा, पण तिची कड पात्याला लागायला नको.

घडीवादक

बेअरिंगबद्दल सविस्तर लिहितो, कारण ‘दोन थेंब तेल’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा नुकसान करतो.

बहुतेक लॅपटॉपच्या पंख्यांत बॉल बेअरिंग नसते. कांस्याचा छिद्रमय बुश असतो, त्याच्या छिद्रांत तेल भरलेलं असतं आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट त्यात फिरतो. चांगल्या पंख्यांत आतल्या भिंतीवर बारीक खाचा असतात, त्या फिरताना तेलाचा दाब धरून ठेवतात. तेल संपलं की धातू धातूवर घासतो, आणि शाफ्ट एकाच बाजूला दाबला जात असल्यामुळे भोक लंबगोल होतं.

तेव्हा पहिला प्रश्न: नुसतं तेल संपलंय की बुश झिजलाय? पंख्याचा मधला गोल भाग दोन बोटांत धरून आडवा हलवा. चांगल्या बुशात ही हालचाल हाताला जाणवत नाही. टक्‌ टक्‌ असं लागलं तर बुश झिजलाय. तेलाने काही आठवडे गप्प बसेल, पुन्हा सुरू होईल. नवा पंखा घ्या. वरखाली थोडी हालचाल मात्र असतेच. चुंबक रोटरला (पंख्याच्या फिरत्या भागाला) खाली ओढून धरतं, बोटाने उचलला की किंचित वर येतो. तो दोष नाही.

आडवी हालचाल नसेल तर तेल द्यायला हरकत नाही. कसं ते सांगतो.

बऱ्याच पंख्यांचा रोटर सरळ वर ओढला की निघतो. झाकण काढा, मधला भाग दोन्ही बाजूंनी सारखा धरा, तिरका न करता ओढा. पात्यांना धरून ओढायचं नाही, तुटतात. साध्या जोराने निघत नसेल तर आत अटकाव करणारी चकती आहे; तिथे थांबा, तो पंखा उघडण्यासाठी बनवलेला नाही.

रोटर निघाला की शाफ्ट अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. बुशातलं काळं वंगण टिश्यूची बारीक वात करून टिपून घ्या. बुशात अल्कोहोल ओतू नका, कारण मग छिद्रांत मुरलेलं उरलंसुरलं तेलही निघून जातं. तळाशी कधीकधी पारदर्शक प्लॅस्टिकची टिकली असते, तिच्यावर शाफ्टचं टोक टेकतं. टिश्यूला चिकटून ती हरवली तर पंखा कायमचा खडखडणार.

तेल शिलाई मशीनचं, कृत्रिम हलकं मिळालं तर आणखी चांगलं. मात्रा मोजायला इन्सुलिनची ४० युनिटवाली सिरिंज घ्या. तिच्यात १ युनिट म्हणजे ०.०२५ मिलिलिटर. एक ते दोन युनिट बस. जास्त झालं तर शाफ्ट घालताना ते वर उसळतं, पात्यांवर उडतं आणि त्यावर धूळ चिकटून पातं जड होतं. रोटर ठेवल्यावर चुंबक त्याला ओढून घेईल. तो वर तरंगत राहिला तर खाली हवा अडकलीय. बोटाने हळूहळू फिरवत राहा, खाली बसतो.

आणखी एक. रोटरच्या आत गोल चुंबक आहे. तो टेबलावर उघडा ठेवला तर लोखंडाचा कीस, तुटक्या स्क्रूचे कण त्याला चिकटतात आणि नंतर टिकटिक होते. परत बसवण्याआधी चिकटपट्टीच्या चिकट बाजूने चुंबक टिपून घ्या.

कोरीपाटी

घरात डब्ल्यूडी-४० आहे. आणि खोबरेल. यातलं काही?

घडीवादक

दोन्ही नाही.

डब्ल्यूडी-४० चा तो नेहमीचा डबा मुख्यतः द्रावक आहे. तो जुनं वंगण पातळ करून वाहून नेतो आणि स्वतः उडून जातो. दोन दिवस पंखा शांत वाटतो, मग आधीपेक्षा कोरडा होतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत पंखा सकाळी सुरूच होणार नाही. शिवाय कोणतंही खाद्यतेल गरम होऊन चिकट राळेसारखं बनतं. ग्रीसही नको, इतक्या छोट्या मोटरला ते जड पडतं.

खारेवारे

रत्नागिरी, मालवण, गोवा, अलिबाग अशा किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी थोडं वेगळं लिहिणे आवश्यक वाटते.

खारट दमट हवेत धुळीइतकाच त्रास गंजाचा होतो. पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर गंजाचे पापुद्रे येतात, ते सुटून पात्यांत पडतात आणि कुरकुर ऐकू येते. जाळीच्या तांब्यावर हिरवट थर दिसतो. झाकण पूर्ण काढून गंज बारीक पॉलिश पेपरने घासावा, पुसावे, वाळवावे, मगच बसवावे. हे काम लॅपटॉपपासून दूर करावे. पेपरचे कण बोर्डावर पडू नयेत.

दुसरे म्हणजे कनेक्टरच्या पिनांवर येणारी बुरशीसारखी काजळी. संपर्क नीट होत नाही, वेगाचा सिग्नल तुटक मिळतो, आणि फर्मवेअर पंख्याला कधी एकदम जोरात, कधी एकदम हळू चालवते. हा घुं-घुं असा खालीवर होणारा आवाज बेअरिंगचा समजून पंखे बदलले जातात. पिना अल्कोहोलने पुसाव्यात आणि वीज काढलेली असतानाच कनेक्टर चार-पाच वेळा काढून घालावा.

पावसाळ्यात लॅपटॉप महिनाभर कपाटात बंद ठेवू नये. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवला तर स्वतःच्या उबेने आतील ओल निघून जाते.

बुधवारपेठी

धुराचं राहिलं. मच्छर अगरबत्ती, उदबत्ती, स्वयंपाकघरातली फोडणी यांचा चिकट थर पात्यांवर बसतो. त्यावर धूळ धरली की ब्रशने निघत नाही, आणि तो सगळ्या पात्यांवर सारखा नसल्याने पंख्याचा तोल जातो. त्याने गुणगुण येते आणि बेअरिंगही लवकर झिजतं. कानकाडी अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पातं दोन्ही बाजूंनी पुसा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळतं. पातं तुटलं असेल तर ते चिकटवूही नका, समोरचं तोडून तोल साधायलाही जाऊ नका. पंखा बदला.

आता बदली पंख्याच्या खरेदीबद्दल. मॉडेलचं नाव सांगून मागितलात तर चुकीचा मिळण्याची शक्यता बरीच आहे. एकाच मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या यंत्रांचे पंखे आणि हीटसिंक वेगळे असू शकतात. जुना पंखा काढा आणि त्याच्या लेबलवरचा क्रमांक बघा. थिंकपॅडवर एफआरयू क्रमांक असतो, डेलच्या भागांवर डीपी/एन, एचपीवर स्पेअर पार्ट क्रमांक. लेबलवर पंखा खरोखर बनवणाऱ्याचं नावही असतं: सनॉन, डेल्टा, फोर्सकॉन, एव्हीसी. त्याखालचा त्यांचा मॉडेल क्रमांक जुळला तर डोळे झाकून घ्या.

क्रमांक जुळत नसेल तर हे जुळवा: व्होल्टेज (बहुतेक ५), अँपिअर, वायरींची संख्या, कनेक्टरची रुंदी, वायरीची लांबी, स्क्रूच्या कानांची जागा, जाडी आणि फिरण्याची दिशा. चार वायरींच्या पंख्यात जमीन (ग्राउंड), ५ व्होल्ट, वेगाचा सिग्नल आणि वेगाचं नियंत्रण अशा वायरी असतात, तीनमध्ये नियंत्रण नसतं. कनेक्टर सारखा दिसला तरी वायरींचा क्रम वेगळा असू शकतो. रंगांवर विसंबू नका, जुन्या पंख्याशी पिनेला पिन लावून पाहा. चुकीच्या पिनेवर ५ व्होल्ट गेले तर बोर्डावरची नियंत्रण चिप जाते.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आसपासची दुकानं इथे प्रत्यक्ष पाहून घेता येतं, तोच फायदा. ‘नवा’ म्हणून दिलेला पंखा पुष्कळदा जुन्या यंत्रातून काढून पुसलेला असतो. पात्यांच्या मुळाशी आणि जाळीकडच्या कोपऱ्यात धूळ बघा, स्क्रूच्या भोकांभोवती घासलेल्या खुणा बघा, आडवी हालचाल करून बघा. दुकानदाराकडे ५ व्होल्टचा सप्लाय असेल तर फक्त ५ व्होल्ट आणि जमीन जोडून चालवायला सांगा. नियंत्रणाची वायर मोकळी ठेवली की बहुतेक पंखे पूर्ण वेगाने फिरतात. कानाजवळ धरून आडवा, उभा, उलटा ऐका. १२ व्होल्टला जोडू देऊ नका.

घडीवादक

बुधवारपेठींच्या यादीत माझं एक मत जोडतो: जुना पण मूळ कंपनीचा, आडवी हालचाल नसलेला पंखा, तेल देऊन, हा बिननावाच्या नव्या पंख्यापेक्षा बरा.

बुधवारपेठी

इथे पूर्ण सहमत नाही. घरी स्वतः करणाऱ्यासाठी हो. पण ज्याच्याकडे यंत्र दर सहा महिन्यांनी उघडायची सवड नाही त्याला तेल दिलेला पंखा देऊ नये. छिद्रांत मुरलेलं मूळ तेल जितकं टिकतं तितकं वरून घातलेलं टिकत नाही. विद्यार्थ्याला परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉप दुरुस्त करून देताना लेबलचे क्रमांक जुळणारा नवा पंखाच घालावा.

नीलगिरी

हीटसिंक उचलला असेल तर पेस्ट नवी लावावीच लागते, मग आधीची ताजी वाटो की वाळलेली. जुनी पेस्ट अल्कोहोलने दोन्हीकडून पूर्ण काढा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, सिलिकॉनचा चकचकीत आयत उघडा असतो. कोपऱ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकला तरी तो टवका उडून प्रोसेसर मरू शकतो, म्हणून खरवडायला धातू नको.

तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट आणि ती पातळ पसरवून सगळा आयत झाकलेला. उघड्या कोपऱ्याखालचा कोअर जास्त तापतो. आर्क्टिकची एमएक्स-४ किंवा त्या दर्जाची पेस्ट पुरे. फार पातळ पेस्ट उघड्या प्रोसेसरवर तापण्या-गार होण्याने हळूहळू कडेला ढकलली जाते. पुन्हा पुन्हा उघडायचं नसेल तर हनीवेलची पीटीएम७९५० ही चादर उत्तम. ४५ अंशांच्या सुमाराला ती मऊ होऊन बसते, वाळत नाही. लावण्याआधी तुकडा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर वरचं प्लॅस्टिक सहज सुटतं.

शेजारच्या चिपवर राखाडी किंवा निळा मऊ पॅड असेल तर त्याच्या जागी पेस्ट घालू नका. तिथे अर्धा ते दीड मिलिमीटरची फट असते, पेस्ट ती भरत नाही. पॅड फाटला तर तेवढ्याच जाडीचा आणा. जास्त जाड आणलात तर हीटसिंक प्रोसेसरवरून उचललेला राहतो, तापमान आणखी चढतं आणि पंखा आधीपेक्षा जोरात पळतो.

कोरीपाटी

उघडलं. पट्टी निघाली, जवळपास अर्धी जाळी झाकलेली होती. पेस्ट बदलली, सगळं बसवलं. चालू करताना पंख्याची चूक दाखवून बंद होतंय.

लिनक्सवारी

घाबरू नका, दहात नऊ वेळा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. चालू होताना फर्मवेअर पंख्याच्या वेगाचा सिग्नल शोधतं. तो मिळाला नाही की थिंकपॅड ‘फॅन एरर’ दाखवून बंद होतो, एचपी ९०बी हा क्रमांक दाखवतो, डेलही पंख्याबद्दल इशारा देतो. वीज आणि बॅटरी काढून कनेक्टर पुन्हा सरळ दाबा, दोन्ही कडा सारख्या खाली गेल्या पाहिजेत. तरीही तेच असेल तर पंखा हाताने फिरतो का बघा. झाकण बसवताना वायर पात्याखाली गेली असेल किंवा पत्रा चेपून पात्याला टेकला असेल. तेही नसेल तर वेगाच्या सिग्नलची वायर मुळाशी तुटलीय का पाहा, मल्टिमीटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

कोरीपाटी

एक कड वर राहिली होती. आता निवांत ४७ अंश, सोसाटा गेला. मात्र मधल्या एका वेगाला टेबलावर ठेवलं की हलकी गुणगुण येते, हातात उचललं की जाते.

पान्हापेचकस

उचलल्यावर जाते म्हणजे पंखा ठीक आहे, कंप टेबलात उतरतोय. दोन जागा बघा. पंख्याचे तिन्ही स्क्रू बसलेत का आणि त्यांच्या कानाखाली मूळ रबराचे वॉशर होते का. ते काढताना तळाला पडून राहतात. दुसरं, लॅपटॉपचे पाय. जुन्या यंत्राचे एक-दोन रबरी पाय गळालेले असतात. त्यामुळे तळ टेबलाला टेकून कंप घुमतो, आणि हवा ओढणारी जाळी टेबलाच्या जवळ गेल्याने पंख्याला श्वासही कमी मिळतो. उरलेल्या पायाची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीचे चिकटणारे रबरी पाय हार्डवेअरच्या दुकानातून आणून लावा. चारही एकाच उंचीचे हवेत. चिकटवण्याआधी जागा अल्कोहोलने पुसा, आणि पायाखाली स्क्रू येत असेल तर तो आधी घट्ट करून घ्या.